जळकं तेल

२० नोव्हेंबर २००४

नितेशने मुंबईहून कूलर मागवलान. गाडीसाठी! मला आधी वाटलं थट्टा करतोय. पण तो माझी थट्टा कधी करत नाही. करावी एवढी आमची ओळखच नाही.

सकाळच्या खाजगी बसने खोकं आलं. आतून निघाली पोळपाटाएवढी एक जाळी, दोन नळ्या, काळा रबरी पाईप. "मावशी, हा गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर. जाळीतून तेल फिरतं, वाऱ्याने गार होतं." मी म्हटलं, पाणी गार करायला पुढे एक जाळी आहेच ना? "आहे. पण तेवढ्याने भागायचं नाही."

मी मान हलवली. काय कळलं? काही नाही.

२१ नोव्हेंबर

बोटीवरून उतरला तो मुंबईहून थेट इथे. कोल्हापुरात बायको आहे, मुलगी आहे, त्यांना अजून भेटलाही नाही! ऑगस्टमध्ये हे गेले तेव्हा त्याची बोट भर समुद्रात. क्रियाकर्म चुलतभावाने केलंन. आता निदान वडिलांच्या तिसऱ्या मासिक श्राद्धाला आपण बसायचं म्हणून आला — ते परवा झालं. मग आता का थांबलाय? विचारायचं धाडस होत नाही.

ह्यांच्याशी लग्न करून मी घरात आले तेव्हा नितेश सोळा वर्षांचा होता. आई गेलेला मुलगा. तेव्हापासून मी 'मावशी' आणि 'तुम्ही'. पुढे बोटीवर लागला, वैदेहीशी लग्न केलंन — जातीबाहेर. ह्यांनी ओटीवर सगळ्यांदेखत सांगितलंनी, "मला मुलगा नाही." संपलं. बाप-लेक परत बोलले नाहीत. मी सुनेला पाहिलेलं नाही, नातीला नाही.

गाडी विकायची असेल का त्याला? नीट करून विकली तर किंमत बरी येते म्हणतात. वडिलांची गाडी, विको. पण मग मी शाळेत शिकवायला कशी जाऊ? डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. क्लच दाबवत नाही, म्हणून तर ह्यांनी ही ऑटोमॅटिक शोधून आणलेली. दोघं मिळून एकच गाडी वापरायचो.

२२ नोव्हेंबर

मिरकरवाड्याहून धोंडू आला. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. असली गाडी त्याने कधी उघडलेली नाही, ते त्याने आधीच सांगितलंन. नितेशही बोटीवरचा इंजिनिअर, त्यालाही ही नवीच. दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून उभे.

तेल बघायची पट्टी ओढून पांढऱ्या फडक्याला पुसली. हे तेल लाल असतं म्हणे, कोकमाच्या आगळासारखं. आमचं निघालं काळपट! आणि वास — करपलेल्या दुधासारखा.

"वयनी, ही गाडी घाटात फिरलेली हाय. एकदा न्हाय, पुष्कळ येळा."

छे! मी तिला शाळेत नेते, बाजारात नेते, फार तर आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत. आणि हे महिन्यातून एकदा चिपळूणला जायचे, नर्सरीत कलमांच्या कामाला.

"चिपळूणच्या रस्त्याने एवढं जळत नाही," नितेश म्हणाला.

"आंबा घाटानं जळंल," धोंडू म्हणाला.

आंबा घाट? ह्यांचं त्या बाजूला कोण होतं?

२३ नोव्हेंबर

पहाटे निघायचे, दिवेलागणीला परत. चिपळूणला एवढा वेळ लागतो? मी कधी विचारलंच नाही!

२४ नोव्हेंबर

शाळेतून येताना एसटीडी बूथवर थांबले. घरून फोन केला असता तर नितेशने ऐकलं असतं. चिपळूणला नर्सरीवाल्या सखारामला लावला. म्हटलं, ह्यांचं काही देणंघेणं राहिलंय का? "नाही वहिनी. दोन वर्षांत इकडे फिरकलेच नाहीत ते. आम्हाला वाटलं, रागावले की काय."

दोन वर्षं!

घरी आले तर शेजारची गोदा दारात. "तोंड का गो असं उतरलंय?" म्हटलं, पित्त झालंय. ती लिंबू घेऊन आली. प्यायले. कुठे गेले असतील? कोण असेल? बाईच असेल, दुसरं काय असणार! की देवाला जात होते? देवाला जायला चोरी कशाला?

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. कपाटातले त्यांचे शर्ट उगीच बाहेर काढले आणि पुन्हा आत ठेवले.

२५ नोव्हेंबर

आज कूलर बसला. कसा बसला देव जाणे!

जुन्या दोन नळ्या. एकीतून तेल गरम होऊन जातं, दुसरीतून परत येतं. कूलर परतीच्या नळीत जोडायचा. पण परतीची कुठली? नितेश म्हणे ही, धोंडू म्हणे ती. शेवटी एक सोडवली आणि नितेश ओरडला, "मावशी, चालू करा!" मी चावी फिरवली. धोंडूच्या शर्टावर तेलाची पिचकारी!

"बंद! बंद करा!"

नितेश हसायला लागला. बॉनेटमागून तो दिसत नव्हता, नुसतं हसू ऐकू आलं. अगदी ह्यांचं. माझा हात चावीवरच राहिला.

जाळी पुढच्या बाजूला बसवली, पाईप आवळले, जुनं तेल काढून नवं भरलं. मी 'डी'ला टाकलं — गाडी हलेना! इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलत नाही. माझ्याच हातून बिघडली वाटलं. मग नितेशच्या लक्षात आलं, अर्धं तेल नव्या जाळीतच जाऊन बसलं होतं. आणखी ओतलं. हलली!

रॉकेलने हात धुताना त्याने खाली मान घालूनच विचारलंन, "शेवटी शेवटी माझं नाव घेतलंनी का त्यांनी?"

खोटं सांगायला हवं होतं का? मला जमलं नाही. "नाही," म्हटलं.

कितीतरी वेळ तो एकच बोट चोळत होता.

२६ नोव्हेंबर

तर हे असं आहे! गाडी विकायची नाहीये. मला कोल्हापूरला न्यायचंय!

चहा पिताना एकदम म्हणाला. "एसटीची पायरी तुम्हाला चढवत नाही. आणि गाडी तुम्हीच चालवायची. मी बोटीवर असलो की तुम्हाला एकटीला जाता यायला हवं." मी म्हटलं, अरे, पण सुनेला चालेल का? "तिचाच हट्ट. रोज फोनवर तेच — मावशींना घेऊनच या, समोर बसून बोलायचंय. काय ते मला सांगत नाही."

तिला माझ्याशी काय बोलायचं असेल? मी तर तिच्या सासऱ्यांच्या घरातली. चार शब्द सुनवायचे असतील तर ऐकून घेईन.

आणि त्याच घाटाने जायचं. रस्त्यात कुठलं तरी दार असेल, जिथे हे थांबत होते. नितेशला सखारामचं सांगितलं नाही. बापाने आधीच एवढं दुखवलेलं पोर. त्यात हे कशाला?

२७ नोव्हेंबर

निवळीच्या घाटात चालवून बघितली. वर जाऊन पट्टी ओढली. तेल लाल. नितेश म्हणाला, "जमलं की हो, मावशी!" उद्या निघायचं. शेंगदाण्याची चिक्की केली नातीसाठी. आवडते का कुणास ठाऊक.

२८ नोव्हेंबर, कोल्हापूर

पोचलो. आंबा घाट न थांबता चढलो. साखरप्याला, मलकापूरला प्रत्येक दाराकडे बघत आले मी.

हॉर्न वाजवायच्या आधीच दिशा घरातून धावत आली. चार वर्षांची. बापाकडे नाही — माझ्या बाजूच्या दाराकडे! दार ओढून उघडलंन आणि मला बघून थबकली. मग वाकून मागच्या सीटवर बघितलंन.

"आबा कुठायत?"

नितेशला काही कळेना. वैदेही पायरीवर उभी राहूनच रडायला लागली. "दर महिन्याला यायचे. दोन वर्षं. कोणाला सांगितलंस तर पुन्हा येणार नाही म्हणाले. फोनवर कसं सांगू तुम्हाला?"

नितेश गाडीला टेकला आणि तिथेच रस्त्यावर खाली बसला.

दिशा दार धरून उभीच होती, माझ्याकडे बघत. तिला अजून कोणी सांगितलेलंच नाही.