मोटारीतली चौथी जागा

ता. ४ फेब्रुवारी १९३७, गुरुवार

ठरलं! वरंधा घाट उतरून थेट कोकणात, डॉक्टर आनंदरावांच्या मोटारीतून. महाड, दापोली, हर्णै, दाभोळ, मग खाडी ओलांडून गुहागर आणि पुढे जमेल तितका किनारा. होळीच्या सुट्टीला जोडून ह्यांनी कचेरीतून रजा मागितली आहे.

डॉक्टर संध्याकाळी आले ते टोपीसुद्धा न काढता बोलत सुटले. मोटार लहान. ते स्वतः चालवणार, शेजारी हे नकाशा घेऊन, मागे डॉक्टरीणबाई, वळकट्या, पेट्रोलचे डबे आणि आणखी एक माणूस. हे म्हणाले, "एकच?" डॉक्टर म्हणाले, "एकच, आणि तेही अंग चोरून बसणारं."

मी आतून ऐकत होते. अंग चोरायला मला कोणी शिकवायला नको. दहा वर्षं या घरात तेच चाललं आहे.

समुद्र मी पाहिलेला नाही. माहेर विंझरचं, सासर भोरचं — डोंगरातून निघाले आणि डोंगरातच आले. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी भाटघरचं धरण दाखवलं आणि म्हणाले, "हाच आपला समुद्र." मी हसले होते. बायको नवी असली की कशालाही हसते.

ती जागा माझी. आणखी कोणाची असणार?

ता. ७ फेब्रुवारी

धाकटी जाऊ लता गुहागरची. माहेरची गोदू, आमच्याकडे येऊन लता झाली. दीड वर्ष झालं लग्नाला. मधूभावजी पुण्याला वकिलीचा अभ्यास करतात, म्हणून ही इथे आमच्यात.

आज ह्यांनी ओटीवर नकाशा पसरला. धाकट्या सुनेनं मोठ्या दिरासमोर बोलायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. म्हणून ती दाराआड, हे ओटीवर आणि मध्ये उंबऱ्यावर मी!

"दापोलीहून हर्णैचा रस्ता कसा आहे, विचार तिला."

विचारलं.

"बैलगाड्या जातात म्हणावं. मोटारही जाईल, पण उतारावर माती सुटी आहे."

सांगितलं.

"मुक्काम कुठे बरा, विचार."

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य माझ्या तोंडातून जायचं. पळी सगळ्या आमटीत फिरते आणि चव दुसऱ्यांना, तसं माझं झालं. आणि ह्यांचा चेहरा कसा उजळला होता! दहा वर्षांत मीठ कमी की जास्त याखेरीज मला काही विचारलं नाही. आज मात्र "विचार तिला, विचार तिला."

माझ्या डोंगरांचं कोणी काही विचारत नाही. तोरण्यावर कुठली वाट सोपी, ते मीही सांगू शकते.

ता. ९ फेब्रुवारी

जेवताना म्हणाले, "लताला बरीच माहिती आहे हं." मी ताक वाढलं नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ता. १४ फेब्रुवारी

आज तर कहर.

ह्यांनी सगळं कागदावर मांडलं होतं. पंचांग काढून निघायचा दिवस पाहिला, राहुकाळ पाहिला, दिशाशूल पाहिलं. दाभोळला पोचायचं, दुपारी जेवून निवांत खाडी ओलांडायची. दोन पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, एकमेकांना बांधून वर फळ्या टाकतात आणि त्यावर मोटार चढवतात म्हणे. डॉक्टर "वा, वा" करत होते.

दाराआड लता हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

"वहिनी, दुपारी कसं होईल? त्या दिवशी एकादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. दुपारी ओहोटी लागलेली असणार. पडाव काठाला लागायचे नाहीत, मोटार चिखलात उभी राहील. सकाळीच पोचायला हवं."

मी सांगितलं. हसली ते वगळून.

 ह्यांनी आणि डॉक्टरांनी पंचांग ओढलं आणि मुलांसारखे पाढे म्हणायला लागले. पंचमीची किती, अष्टमीची किती! आम्ही घाटावरची माणसं पंचांगात मुहूर्त बघतो, आणि ही म्हणे त्यात पाणी बघते.

आणि मग डॉक्टर म्हणाले — जशाच्या तसे शब्द लिहिते — "अहो, या धाकट्या वहिनींनाच घ्या की बरोबर! वाटाड्याचं काम होईल. शिवाय त्यांचं माहेरही होईल."

हे काय म्हणाले? "बघू."

ता. १६ फेब्रुवारी

सासूबाईंनी सांगून टाकलं, "एक सून घरात हवी. पापड-कुरडया कोण करणार, आणि बनीला कोण बघणार? कोण जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." बनी माझी लेक, पाच वर्षांची. ती लगेच म्हणाली, "आई गेली तर मी काकूजवळ झोपेन." काकू म्हणजे लताच. घरातलं शेंबडं पोरसुद्धा तिच्या बाजूचं.

मी ह्यांना सरळ विचारलं, "जागा कोणाची?" म्हणाले, "अगं, तुला उलट्या होतात ना गाडीत?" सात वर्षांपूर्वी एकदा झाली होती, कात्रजच्या घाटात, तीही बनीच्या आधीचं पोटात होतं तेव्हा. ते राहिलं नाही. एवढी मात्र आठवण बरी राहिली!

लता काही मागत नाही. त्याचाच जास्त राग येतो. मागितलं असतं तर भांडता आलं असतं.

ता. २६ फेब्रुवारी

उत्रोलीची साळूबाई तांदूळ घेऊन आली. पाटी उतरवून पाणी प्यायली आणि आमच्या घरातली सगळी कथा ऐकून घेतली. कोणी सांगितली कोण जाणे.

"थोरल्या वैनी, समिंदराचं एवढं काय घिऊन बसलाय? आमचा गेनू ममईला जाऊन बघून आला. म्हनला, निस्तं खारं पानी. गुरं बी पीत न्हाईत." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आन् धाकल्या वैनीचं म्हायेर तितंच न्हवं? मंग मूळ आलं आसंल की. आमच्यात बापाच्या घरचं मानूस न्यायला आल्याबिगर लेकीला येशीत पाय टाकू देत न्हाईत. बिनबोलावलं गेलं की लई वंगाळ."

आमच्यातही नाहीच. मूळ आल्याशिवाय सून माहेरी पाठवत नाहीत. मला कसं सुचलं नाही इतके दिवस?

लताला आई नाही, भाऊ नाही. मूळ म्हणून यायचं तर बापालाच यायला हवं. आणि तो दीड वर्षात एकदाही इकडे फिरकलेला नाही.

साळूबाईला आज मी चहा दिला. एरवी देत नाही.

ता. २७ फेब्रुवारी

बोलले. सासूबाई जपाला बसल्या होत्या, माळ ठेवेपर्यंत थांबले. अगदी सहज म्हटलं, "लता गेली तर बरंच आहे, पण मूळ नाही आलं. माहेरच्या दारावरून जायचं आणि आत जायचं नाही, हेही बरं नाही. आणि आत जावं तर आपणहून गेलेली दिसेल. लोक आपल्या घराला नावं ठेवतील."

सासूबाईंनी लगेच लताला हाक मारली. "वडिलांना लिही. मूळ धाडा म्हणावं. आलं तर तू, नाही तर थोरली."

लता म्हणाली, "बरोबर आहे." माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतंच.

मी काही खोटं बोलले नाही. रीत आहे ती. मी केलेली नाही.

ता. ५ मार्च

सर्व्हिस मोटार आली की मी खिडकीशी. छत्रीवाला म्हातारा उतरला की वाटतं, हाच लताचा बाप. आज एक उतरला, हातात फणसासारखं बोचकं. आमच्याच आळीला वळला! पुढे देवळात गेला. पुराणिक होता.

लताही खिडकीशी असते. आम्ही दोघी त्याच गजांतून बघतो आणि उलटं मागणं मागतो.

ता. ११ मार्च

उत्तर आलं. शेजाऱ्याच्या हातचं. बापाला स्वतः दोन ओळी लिहायलाही सवड नाही! "प्रकृती बरी. मूळ धाडण्यास माणूस नाही. मुलीने सासरी सुखाने राहावे." एवढंच.

लतानं पत्र घडी करून कोनाड्यात ठेवलं आणि निवडायचं सूप पुढे ओढलं. सासूबाई म्हणाल्या, "असतात एकेकाचे बाप."

मी दुपारी शिरा केला. का केला ते कोणी विचारलं नाही.

ता. १९ मार्च

परवा पहाटे निघायचं. माझी ट्रंक लतानं भरली. मी भरत होते, ती बसली आणि सगळं परत काढलं. "वहिनी, रेशमी नको. खाऱ्या वाऱ्यानं चिकटतं. ही सुती असू दे." घाटात चघळायला आवळकाठी, उन्हाला जुनं लुगडं, बनीसाठी शिंपले आणायला पिशवी. "हर्णैला मासळीच्या बाजाराकडून जाऊ नका, वास सोसणार नाही. किल्ला दिसेल तिथे थांबा, उजव्या हाताला. गुहागरला केवड्याच्या बनातून वाट आहे, तिथून एकदम दिसतो. एकदम! डोळे मिटून जा आणि वाळू लागली की उघडा."

आवडायला हवं होतं मला. पण ऐकता ऐकता जीव जळत होता. जागा मी मिळवली, आणि जाईन तिथे ही आधीच जाऊन आलेली! एक ठिकाण माझं म्हणून राहिलं नाही.

मग आंबेमोहराची पुरचुंडी दिली, बाबांसाठी. "घर देवळामागेच आहे. पाच पायऱ्या आहेत, तिसरी डगमगते. ती सोडून पाऊल टाका. आम्ही सगळे तसंच करतो." आणि मग, पुरचुंडीची गाठ परत सोडून परत बांधत, "बाबा विचारतील तर मी बरी आहे म्हणून सांगा."

विचारतील तर! मला वाटलं, विचारणारा असता तर मूळ नसतं आलं?

ता. २२ मार्च, दापोली

आज हर्णैला पाहिला.

वरंध्यात दोनदा आणि कशेडीत एकदा मोटार तापली, पण मला उलटी झाली नाही. ह्यांना झाली! मी आवळकाठी दिली.

वळण संपलं आणि समोर सगळं निळं. पाण्यात किल्ला, खडकांवर फेस, आणि कुठेही पलीकडचा काठ नाही. डोंगराला निदान माथा असतो. डॉक्टरीणबाई "अगबाई, अगबाई" करत होत्या. मला रडूच आलं. आणि लगेच मनात काय यावं? उजव्या हाताला, लता म्हणाली होती तसाच. चीड आली. दहा वर्षं थांबून पाहिला तोही तिच्याच डोळ्यांनी.

हे म्हणाले, "लता असती तर हे सगळं सांगितलं असतं तिनं." मी म्हटलं, "तुमच्याशी बोलली नसतीच ती."

उद्या पहाटे दाभोळ. सव्वाआठची भरती.

ता. २३ मार्च, एकादशी, गुहागर

खाडी बिनबोभाट ओलांडली. हे आणि डॉक्टर मोटार धुवायला थांबले, मी पुरचुंडी घेऊन एकटीच देवळामागे गेले.

म्हातारा ओसरीवर बसला होता, हातांनी सुंभ वळत. तिसरी पायरी सोडून मी वर गेले. त्याचे हात थांबले.

"गोदू?"

तोंड माझ्याकडे, पण नजर शेजारच्या खांबाकडे. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे.

मी पुरचुंडी पुढे केली. त्यानं चाचपत माझा हात धरला, बांगड्या मोजल्यासारख्या सरकवल्या, पुरचुंडी नाकाशी नेली. आंबेमोहराचा वास घेऊन हसला.

"डोळे गेलेलं तुला कळवलं नाही हो. जीवाला घोर लावून घेतला असतास. मूळ धाडू कोणाला, सांग. आणि तरी पाठवलंनी तुला! मुळावाचून पाठवलंनी. माणसं चांगली हो तुझी, गोदू. थोरली जाऊ चांगली असणार. तिच्याच मनात आलं असेल, होय ना?"

मी "हो" म्हटलं.