तेविसाव्या प्रश्नाचं उत्तर

नांदेड
१२ जुलै २०२१

चि. रेणुकादास यास,
अ. उ. आ. आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे. मनातून आलेला नाही, तेव्हा उगाच डोक्यावर घेऊ नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, ह्यांचाही केलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

गुरुवारी सकाळी तुझी सख्खी भाची तुझ्याच क्लासच्या मुलांच्या शंका सोडवत होती. मी शेजारी मेथी निवडत बसले होते, त्यामुळे हे ऐकीव नाही. मध्येच तू आलास. उत्तरतालिका तपासायची अक्कल नसेल तर शिकवायला बसू नये, असं चारशे बारा मुलांसमोर तिला म्हणालास आणि मीटिंगमधून काढून टाकलंस. तिला आधी वाटलं नेट गेलं. तिने तीन वेळा पुन्हा आत यायचा प्रयत्न केला आणि तीनही वेळा तू तिला दारात उभी ठेवलीस. वर पालकांच्या ग्रुपवर लिहिलंस, की प्रश्न तेवीसची चूक सहायक शिक्षिका उर्वी यांची असून त्यांना कमी केलं आहे.

लातूरच्या क्लासवाल्याला शिंक आली तर नांदेडात रुमाल काढतात. इथल्या दोन क्लासनी तिला पुढच्या महिन्यापासून बोलावलं होतं. दोघांचेही फोन आले, सध्या गरज नाही म्हणून. चोवीस वर्षांची मुलगी, एम.एस्सी.ला पहिली आलेली, आता दिवसभर खिडकीशी बसते. तो तेविसावा प्रश्न होता तरी काय, असं विचारलं की भांडी घासायला उठते. आपल्या घरी ती भांडी कधीपासून घासायला लागली?

मी पोरीला ओळखते. ती चूक करणार नाही, आणि केली तर लपवणार नाही. चूक तुझी आहे. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत बडबडणाऱ्या माणसाच्या हातून होते. ज्या वर्गात तिला काढलंस त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर तसं सांग. मला दुसरं काही नको.

लोभ होता. सध्या तो रजेवर आहे.
तुझी,
विशाखाताई

∗

लातूर
१७ जुलै २०२१

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, काना दिला की कागदाला भोक.

तुला लातूर कळत नाही म्हणून सांगतो. इथे दर रविवारी परीक्षा होते आणि गुणांवर बॅच ठरते. पहिले शंभर वरच्या बॅचला. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. चार जुलैच्या परीक्षेत एका चुकीच्या उत्तरामुळे अकरा मुलं वर चढली आणि वरची अकरा खाली आली. खाली आलेल्यांत रेवणसिद्ध नावाच्या एका एसटी कंडक्टरची मुलगी होती. दोन दिवस जेवली नाही. तो माणूस माझ्या दारात उभा राहून म्हणाला, सर, लेकरानं बरोबर लिवलं तरी खाली कामून गेलं? याचं उत्तर मी काय देणार होतो?

तालिका कशी होते तेही ऐक. ऑनलाइन बोर्डवर उत्तरं मी लिहितो, उर्वी तपासते आणि शुक्रवारी संध्याकाळी बोर्ड बंद होतो. त्यावर लिहायचा अधिकार आम्हा दोघांनाच. मी बरोबर लिहिलं होतं, माझ्या वहीत आहे. उरलं कोण? मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, मामा, माझ्या हातून झालं असेल. असेल म्हणजे काय? चुकली की नाही, एवढंही तिला सांगता येईना.

तू पंचवीस वर्षं पहिली ते चौथी शिकवलीस. तिथे चुकलेलं मूल दुसऱ्या दिवशी विसरतं. इथे सरांचा शब्द गेला की क्लासला कुलूप. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधून आपल्याला बाहेर काढलं ते बारावीच्या मार्कांनी, हे तरी तू विसरू नयेस. भाची म्हणून मी तिला पोटाशी धरलं असतं, तर त्या अकरा बापांनी काय करायचं होतं?

ब्लॉक काढणार नाही. तू फोनवर ओरडतेस आणि माझं बीपी वाढतं. आईच्या फोटोला नवा हार घाल, मागच्या वेळी सुकलेला होता.

लोभ रजेवरून परत येईल तेव्हा हजेरी मांडावी.
तुझा,
रेणुकादास

∗

नांदेड
२३ जुलै २०२१

चि. रेणुकादास यास,
अ. उ. आ.

आईच्या फोटोचा हार मी बदलते. तू तीन वर्षांत इकडे फिरकला नाहीस, तुला सुकलेला कुठून दिसला? व्हिडिओ कॉलवर सगळंच सुकलेलं दिसतं, तूसुद्धा.

आता कामाचं. आम्हा शिक्षकांचं महिनाभराचं ऑनलाइन प्रशिक्षण चालू आहे. माझ्याकडे लॅपटॉप नाही, उर्वीचाच घेते दुपारी तीन ते चार. तीनशे गुरुजी एका पडद्यावर. कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाच्या मागे म्हैस. मुखेडकडचे एक गुरुजी रेंजसाठी गच्चीवर छत्री घेऊन बसतात आणि दर पाच मिनिटांनी आवाज येऊन राहिला का म्हणून विचारतात. पहिले काही दिवस मला माइक कुठे असतो ते सापडलं नाही. आता मी गट पाडते, बोर्डवर लिहिते, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्तही करते. उर्वीने शिकवलं. एकदाही वैतागली नाही.

तर काल शिकवणारी बाई म्हणाली, की बोर्डवर पुसलेलं काही पुसलं जात नाही. कोणी, किती वाजता, आधी काय होतं आणि नंतर काय केलं, सगळं खाली राहतं. त्याला इतिहास म्हणतात. बोर्ड ज्याच्या मालकीचा त्याला उघडता येतो. आपल्या शाळेतल्या पाटीपेक्षा हे बरं.

तुझ्या क्लासमध्ये तो पंचाक्षरी नावाचा कॉम्प्युटरवाला आहे ना, त्याला सांग आणि तेविसाव्या प्रश्नाचा इतिहास उघड. तीन आठवडे तू उघडला नाहीस, यातच सगळं आलं. खाई त्याला खवखवे. मी उर्वीला हे सांगितलं तर ती एकदम म्हणाली, आई, राहू दे, मामाला लिहू नकोस. बघ, अजून तुझीच अब्रू सांभाळते आहे.

कागद छापून पोस्टाने पाठव. त्यावर तुझं नाव असेल तर क्लासमध्ये सांगायचं. उर्वीचं निघालं तर मी स्वतः लातूरला येऊन तुझ्या दारात माफी मागेन.

लोभाचं नंतर बघू. आधी कागद.
विशाखाताई

∗

लातूर
२९ जुलै २०२१

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे इतिहास उघडला. असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं, हे कबूल करतो. पंचाक्षरीला दोन मिनिटं लागली. कागद सोबत जोडला आहे. चष्मा लावून वाच.

प्रश्न तेवीस, क्लोरीनचा गण कोणता. आधीचं उत्तर सतरा, लिहिणारा रेणुकादास. बदललेलं उत्तर सात, बदलणारी उर्वी. शुक्रवार, दोन जुलै, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. सतरामधला एक पुसला आहे, बाकी काही नाही.

आजकाल दहावीचं पोरगंही क्लोरीन सतराव्या गणात सांगतं. सातवा गण आपल्या वेळच्या पुस्तकात होता. एम.एस्सी.ला पहिली आलेल्या मुलीने हे कुठल्या रद्दीतून काढलं ते तिला विचार. ज्यांनी जुन्या पुस्तकावरून सात लिहिलं ती अकरा मुलं वर गेली आणि ज्यांनी अभ्यास केला ती खाली आली. मी एवढंच म्हणत होतो.

तुझी भाषा मला पाठ झाली आहे. चूक तुझी आहे, बडबडणारा माणूस, खाई त्याला खवखवे. आता कोणाला खवखवतं? पोरगी लाडाने बिघडवलीस. शिकवणं तिच्या हाडात नाही. तिला बँकेच्या परीक्षेला बसव.

दारात येऊन माफी मागू नकोस, शेजारी बघतात. पत्राने पाठवली तरी चालेल.

लोभाची अपेक्षा नाही.
रेणुकादास

∗

नांदेड
३ ऑगस्ट २०२१

चि. रेणुकादास,
अ. उ. आ.

कागद मिळाला. चष्मा लावून वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

दोन जुलैला दुपारी चार वाजता माझं प्रशिक्षण संपलं. उर्वी गुरुद्वाऱ्याजवळच्या टेलरकडे गेली होती. मी प्रशिक्षणाची खिडकी बंद केली तर तिच्याखाली तुझा बोर्ड उघडा होता, उर्वीच्या नावाने. वर तुझ्या क्लासचं नाव, खाली उत्तरं. मी सहज वाचत गेले. क्लोरीनपाशी आले आणि मनात म्हटलं, रेणूने पुन्हा घाईत एक आकडा जास्त ओढला. पुसायचं कसं ते मला नुकतंच आलं होतं. एक पुसला, लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला गेले. कुणाला सांगितलं नाही. तुझी चूक दुरुस्त करून कुणाला सांगायची मला सवयच नाही.

तुला आठवत असेल नसेल. भूकंपाच्या साली तू बारावीला होतास. आप्पा भिंतीखाली गेले, आई बोलायची बंद झाली आणि आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. तू शनिवारी लातूरहून यायचास आणि वह्या उशाशी ठेवून झोपायचास. मी नुकती बी.एस्सी. झालेली. तुझ्या वह्या काढून पेन्सिलीने दुरुस्त करायची आणि परत तशाच ठेवायची. त्या दिवाळीत आपल्या घरात कुणी कुणाला तुझं चुकलं असं म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर तू पुस्तक मिटून बसला असतास. ती सवय अठ्ठावीस वर्षांत गेली नाही आणि माझं रसायनशास्त्र मात्र तिथेच राहिलं.

उर्वीला आज विचारलं. तुझा फोन आला तेव्हाच तिला कळलं होतं. शुक्रवारी तिने तालिका दुपारीच तपासली होती, त्यामुळे नंतर लॅपटॉपला कोणाचा हात लागला हे तिला सांगावं लागलं नाही. मग मला का बोलली नाहीस म्हटलं, तर म्हणाली, आई, तू कधी नव्हे ती एक गोष्ट शिकून रोज जेवताना सगळ्यांना सांगत होतीस. माझ्यासाठी पोरीने नोकरी घालवली आणि मी तिच्या बाजूने लढते म्हणून दोन पत्रं लिहिली. मी तिची माफी मागितली आहे. ती माझ्या हातातली कणीक घेऊन मळायला लागली. मला रडू आलं, ते मी तुला कशाला सांगते आहे कोण जाणे.

आता तुझ्याबद्दल. तुझी माफी मागत नाही. चूक माझी, शंभर टक्के. पण न बघता, नीट न विचारता, चारशे मुलांसमोर तिला दाराबाहेर काढलंस ते तुझं. इतिहास उघडायला तुला बहिणीची पत्रं लागली. आणि शिकवणं तिच्या हाडात नाही असं लिहिलंस. ते वाक्य मी त्या कागदाबरोबर जपून ठेवलं आहे.

मला तुझ्या क्लासची लिंक दे. मी स्वतः त्या मुलांसमोर येऊन सांगते, की एक म्हातारी शिक्षिका, जिला गण आणि आवर्त तीस वर्षांपूर्वीचे आठवतात, तिने हे केलं आणि उर्वीचा काही संबंध नाही. त्या कंडक्टरच्या मुलीचं नाव मला कळव, तिच्याशी मला वेगळं बोलायचं आहे. मी बोलायला लागले की मला म्यूट करू नकोस.

काल खात्याचं प्रमाणपत्र आलं. त्यात लिहिलं आहे की मी ऑनलाइन सहकार्याच्या साधनांचा वापर यशस्वीपणे आत्मसात केला. उर्वीने ते फ्रेम करायचं म्हटलं. मी कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

लोभ मागायला मला तोंड नाही. असला तर पोरीला दे.
विशाखाताई

∗

लातूर
८ ऑगस्ट २०२१

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

लिंक कागदाच्या मागे लिहिली आहे, इंग्रजी अक्षरं मोठी आणि लहान नीट बघून टाक. गुरुवार, बारा तारीख, सकाळी सात. उर्वीला शेजारी बसव. आधी मी बोलेन, माझा वाटा काय तो मीच सांगेन, तू त्यात पडू नकोस. मग तू बोल. त्यानंतरचा तास उर्वी घेईल. मी मुलांमध्ये बसेन. पालकांच्या ग्रुपवर आज लिहिलं आहे, नांदेडच्या त्या दोघांनाही फोन केला. एकजण म्हणाला बघू. मी म्हटलं बघू नका, बोलवा.

कंडक्टरच्या मुलीचं नाव ऋतुजा. अकराही मुलं आपापल्या जागी परत गेली आहेत.

मी अजून रागात आहे. तीन पत्रांत तू मला जे जे म्हणालीस ते तुझ्या पत्रांसारखंच भोकं पाडून गेलं आहे. ते इतक्यात बुजणार नाही.

पण एक सांगायचं राहिलं. शेडमधल्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. पेन्सिल मला तेव्हाही दिसायची. रविवारी तू नळावर गेलीस की मी उघडून बघायचो. सहामाहीच्या आधी तू केलेल्या दोन दुरुस्त्या चुकीच्या होत्या. मला कळलं होतं. तरी पेपरात तुझंच उत्तर लिहिलं, आठ मार्क गेले. सरांनी वर्गात उभं करून विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हणालो, माझ्याच हातून झालं असेल.

उर्वीने मला फोनवर हेच वाक्य सांगितलं होतं. मला ते ओळखू यायला हवं होतं.

गुरुवारी कॅमेरा सुरू ठेव. लोभाचं समोरासमोर बघू.
तुझा,
रेणू