चक्क्याच्या फडक्यातून गाळलेलं पेट्रोल

गुडगाव,
एप्रिल १९९६

ती. भाऊसाहेब,

बळवंताचा नमस्कार. खरं तर साष्टांगच घालायचा, पण मोटारसायकलीपाशी उकिडवा बसून कंबर धरली आहे, तेव्हा वाकता आलं तेवढा गोड मानून घ्यावा. वहिनींचा गुडघा कसा आहे? नागपूर आता चांगलंच तापलं असेल. आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहिणार होतो, पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत तसं लिहायला हात धजत नाही. प्रकृती ठणठणीत आहे हो तिची, घाबरू नका. जे बिघडलंय ते मी बिघडवलंय.

बदली होऊन जाताना तुम्ही तुमची राजदूत माझ्या हवाली केलीत आणि बजावलंत, "बळवंतराव, खुशाल चालवा, फक्त कार्बुरेटरला हात लावू नका." (मी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं!) पण इकडे नवीन वस्ती म्हणजे काय असते ते तुम्ही पाहिलेलं नाही. चोहीकडे इमारती उठताहेत आणि रस्ता कुठे आहे हे धूळ बसल्यावर कळतं. ती धूळ गाडीच्या पोटात गेली. सकाळी ऑफिसला निघावं तर कापसहेड्याच्या नाक्यावर गाडी दोनदा खोकायची आणि बंद पडायची. मग कोट-टायमध्ये ढकलत न्यायची, आणि मागून ट्रकवाले "धक्का लगाऊँ, बाऊजी?" विचारणार. शेवटी पाडव्याच्या आदल्या रविवारी मी ठरवलं, की केंद्र सरकारच्या किचकट फायली सोडवणाऱ्या माणसाला मुठीएवढा कार्बुरेटर जड नाही.

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून उघडला. उघडणं सोपं असतं, भाऊसाहेब. पहिल्याच फटक्यात आतली स्प्रिंग उडून खालच्यांच्या तुळशीत पडली (ती मागून आणताना मी 'लहान मुलाचं खेळणं' असं सांगितलं). जेट म्हणजे ते पितळेचं बारीक भोकाचं बोंडूक, ते स्टीलच्या वाटीत पेट्रोलमध्ये भिजत घातलं, खराट्याच्या काडीने टोकरलं, तोंडाने फुंकलं. फुंकायच्या ऐवजी एकदा ओढलं गेलं, त्यानंतर दिवसभर मला चहासुद्धा पेट्रोलचा लागत होता. हे सगळं झाल्यावर लक्षात आलं की टाकीतलं पेट्रोलच गढूळ आहे, तेच परत घातलं तर केलेलं सगळं मुसळ केरात. म्हणून ते बादलीत काढलं. आता गाळायचं कशाने? चहाच्या गाळणीतून माती आरपार गेली. रुमालातून गेली. आणि मग मला स्वयंपाकघरातला तो डबा आठवला.

तुम्हाला कळलंच असेल. अण्णांचं धोतर. ते गेल्यावर वडिलांची आठवण म्हणून अलकाने माहेरची तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. त्याचं एक चौकोनी फडकं करून ती फक्त चक्का टांगायला वापरते, दुसऱ्या कशाला त्याला हात लावू देत नाही. मी मनाशी म्हटलं, ज्यातून चक्क्याचा कण निसटत नाही, त्यातून मातीचा काय निसटणार! अलका बाजारात गेली होती. पेट्रोल काय सुरेख गाळलं गेलं म्हणून सांगू. फडकं साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, हुंगून पाहिलं. काही वास नाही. (माझ्या नाकाला त्या दिवशी गुलाबाचाही वास आला नसता, हे तेव्हा सुचलं नाही.) घडी घालून डब्यात ठेवून दिलं. मग हवेचा स्क्रू पुरा आवळून थोडा थोडा मागे घेत आवाज जुळवला, आणि गाडी अशी काही बोलायला लागली की मी सेक्टरला उगाच तीन चकरा मारून आलो. तुमची फार आठवण आली तेव्हा. विजयाने माणूस आंधळाच होतो.

पाडव्याला आमच्या मराठी मंडळाचं जेवण होतं. अध्यक्षीण भानुमतीबाई. आम्ही दिल्ली सोडून 'जंगलात' राहायला आलो म्हणून त्या अलकाला आजवर पानात मीठ-लिंबू वाढायलाच ठेवत. यंदा प्रथमच श्रीखंड तिच्याकडे दिलं. किती हरखली होती म्हणता! दोन दिवस आधीपासून म्हशीचं दूध, विरजण, आणि अण्णांच्या फडक्यात टांगलेला चक्का. आमच्या घरभरच पेट्रोलचा वास होता, त्यात आणखी केशर-वेलची, त्यामुळे घरी कुणाला काही कळलं नाही.

तिथे कळलं. भानुमतीबाईंनी घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "अलका, काय घातलंयस गं यात?" सगळी पंगत थांबली. अलकाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, भाऊसाहेब, मोठ्याने म्हणालो, "जायफळ जास्त झालंय. मी सांगत होतो हिला." मी काहीही सांगत नव्हतो. श्रीखंडात जायफळ घालतात हेसुद्धा मला नक्की माहीत नव्हतं.

अलका भरलेलं पातेलं मांडीवर धरून माझ्या मागे बसून घरी आली. गाडी इतकी छान चालत होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात तिला सतरंज्या घालायचं काम दिलंय. आणि तेव्हापासून रोज आमटी वाढताना विचारते, "जास्त झालंय का काही?" बिचारीचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडाला. हे माझ्यामुळे झालं, आणि मला ते सांगायचं धाडस होत नाही. लाज वाटते हो. दाढी करताना आरशात बघवत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बळवंत

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तुमचा शब्द अलका कधी खाली पडू देत नाही. तेव्हा तुम्हीच तिला सहज म्हणून लिहाल का, की अण्णांची धोतरं ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेली असायची आणि तो वास उन्हाळ्यात पुन्हा उमटतो? अण्णा काही आता रागवायला येणार नाहीत. (हे लिहून वाचलं आणि स्वतःची शिसारी आली. पण दुसरं काही सुचत नाही, म्हणून खोडत नाही.)

ता. ता. क. : डांबरगोळ्यांचं लिहू नका. पाकीट चिकटवणार तोच अलका चहा घेऊन आली आणि म्हणाली, "साखर जास्त झाली का?" माझा बांधच फुटला. सगळं सांगून टाकलं, फडक्यासकट. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पेट्रोल मला पहिल्या घासालाच कळलं होतं. रविवारभर तुमच्या अंगाला तोच वास होता. मी हसून सांगणारच होते सगळ्यांना, की आमच्या ह्यांनी चक्क्याबरोबर गाडीचं इंजीनही टांगलं वाटतं. अण्णासुद्धा पोट धरून हसले असते. पण तुम्ही जायफळाचं का बोललात?"

भाऊसाहेब, पत्र पुरं करतो म्हणून मी बाल्कनीत येऊन बसलोय. ती आत वाट बघतेय. चहा गार झाला, आणि लिहायला आता माझ्यापाशी काहीच उरलेलं नाही.