सहाव्या ओझोनीपर्यंत ताबा नाही

मात्सुयामा, १८ नोव्हेंबर २०२४

चि. तेइजी यास नोबुएताईचे आशीर्वाद.

इकडे संत्र्यांना रंग चढला आहे आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? (जिना चढत जा, व्यायाम होतो. जिन्याचं पुढे येईलच.) तुझ्या सावाकोने पाठवलेल्या माशांच्या वड्या पोचल्या. मीठ जास्त होतं, पण संपल्या.

तेइजी, फ्लॅट विकला! स्टेशनजवळचा, गुंतवणूक म्हणून घेतलेला, ज्याला तू ‘कपाट’ म्हणायचास तोच. त्या कपाटाने पस्तीस लाख येन नफा दिला. आता हस. घेणारे दंतवैद्य हिराओका. त्यांना सासूबाईंसाठी जागा हवी होती. मी तो २०१९च्या मार्चमध्ये घेतलेला, म्हणजे पाच वर्षं उलटून आठ महिने झाले. पाच वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर एकोणचाळीस टक्के कर, त्यापुढे वीस, हे मला पाठ होतं. म्हणून ताबा याच आठवड्यात द्यायचं ठरवलं, कौलं बदलणाऱ्याला होकार कळवला (ऑगस्टच्या वादळापासून माझ्या बिछान्याशेजारी बादली असते) आणि केवळ शिस्त म्हणून आज सकाळी कर कचेरीत विचारायला गेले.

खिडकीत माझा जुना विद्यार्थी ओचिआई. शाळेत असताना याच्या वहीवर मी लाल शाईने ‘पुन्हा कर’ इतक्यांदा लिहिलं की बाटली संपली. त्याने कागद पाहिले, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला की वर्षं विकण्याच्या दिवसापर्यंत मोजत नाहीत. विकाल त्या वर्षाच्या एक जानेवारीपर्यंत मोजतात. यंदाच्या एक जानेवारीला माझी पावणेपाचच वर्षं भरली होती. म्हणजे माझा नफा अल्प मुदतीचा आणि कर जवळजवळ दुप्पट! फरक पावणेसात लाखांचा. कौलवाल्याचा आकडा साडेसहा. माझं अख्खं छप्पर त्या खिडकीतून आत जायला निघालं होतं. मी त्याला ऐकवलं की छत्तीस वर्षं मी गणित शिकवलं आहे. त्यावर तो अगदी हळू म्हणाला, “बाई, झाडं मोजायची की झाडांमधल्या जागा, ते आधी नीट वाचा, असं तुम्हीच सांगायचात. इथे झाडं मोजायची. घर घेतल्यापासून दर एक जानेवारीला खातो त्या ओझोनी सुपाच्या किती वाट्या झाल्या?”

बोटं मोजली. पाच. सहावी वाटी पोटात गेली की नफा दीर्घ मुदतीचा. (त्याला तिथेच शाबासकी दिली. पस्तीस वर्षं उशिरा.)

तिथून मी धावत, हो, धावत, हिराओकांच्या दवाखान्यात. समोर एक गृहस्थ जबडा उघडून पडले होते. मी थांबले नाही. छपराचं, बादलीचं सगळं ऐकवलं आणि ताबा सहा जानेवारीला, असं सांगून टाकलं. हिराओका म्हणाले, सासूबाईंना जुनी जागा गुरुवारी सोडायची आहे, नाहीतर मी दुसरा फ्लॅट पाहतो. त्यांना आधी राहायला द्यावं, तर तोच ताबा धरतील, असं ओचिआईने बजावलं होतं.

“मग सात आठवडे त्यांना ठेवू कुठे, तुमच्या बादलीत?” हिराओकांनी विचारलं. जबडा उघडलेले गृहस्थही हसले.

पण मी तिथल्या तिथे मार्ग काढला, करारात तारीख बदलून दोघांच्या सह्या झाल्या आणि सगळे खूश आहेत. डोकं थंड ठेवलं की सगळं होतं.

तुझी,
नोबुएताई

ता. क. तुझी वरची खोली रिकामीच असते. सासूबाई (सेत्सुबाई, वय चौऱ्याऐंशी) गुरुवारी साडेदहाच्या गाडीने येतील. हे पत्र बुधवारी पोचेल, म्हणजे झाडलोटीला पुरता एक दिवस आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आणखी ता. क. त्या पहाटे पाचला जुन्या ‘नो’ नाटकांतली पदं म्हणतात. आवाज उत्तम आहे. आज त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत म्हणत बसल्या होत्या, तिथूनही ऐकू येत होता.

शेवटचं. त्या मूळच्या ताकामात्सुच्या, त्यामुळे येत्या नव्या वर्षाची ओझोनी त्याच करणार: पांढऱ्या मिसोच्या सुपात चिकट तांदळाचा गोळा आणि त्या गोळ्यात गोड सारण. तुला हे पाहवतसुद्धा नाही, ठाऊक आहे. वाटी संपव आणि पुन्हा मागून घे. त्यांचं बिनसलं, तर माझ्या डोक्यावर छप्पर नाही.