हात वर केला की थांबायचं

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाचून घे, कारण पुढे नुसता संताप आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या दातांच्या दवाखान्यात सगळ्या डॉक्टरांना नि मदतनिसांना प्रशिक्षण होतं. पेशंटने हात वर केला की मशीन थांबवायचं, असं शिकवलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

काल त्यांच्या खुर्चीतल्या आजींनी हात वर केला. "झालंच आता, हात खाली!" डॉक्टर म्हणाले. आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि यांचं मशीन चालूच! माझं डोकंच फिरलं. माझा पेशंट सोडून मी उठले आणि त्यांचं मशीन बंद केलं.

"असं थांबत बसलो तर पेशंट उरकणार कधी?" ते ओरडले.

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"

आजींना मीच पुन्हा भूल दिली. ती चढेपर्यंत थांबले, मग काही दुखलं नाही त्यांना. मला मात्र उद्धट ठरवून आजपासून नुसतं दात साफ करायला बसवलंय. बसवू देत. नोकरी जाणार नाही, बहुतेक.

बाबांची दाढ काढायची आहे ना? त्यांना एकटं पाठवू नकोस. बाहेर बसायला सांगितलं तरी ऐकू नकोस, खुर्चीपाशीच उभी राहा.

तुझी,
धाकटी