बिनडागाचा माणूस

६ डिसेंबर १९८७

पोचलो बुवा एकदाचा! बेल्याला एसटी सोडल्यापासून बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण गाव बघून जीव हरखला. जिकडं बघावं तिकडं कापूस फुटलेला. मिशननं शुभवर्तमान सांगायला मला जालन्याहून इथं धाडलंय, आणि गावानं पहिल्याच दिवशी मला मास्तर करून टाकलं. डोमाजी नावाच्या शेतकऱ्यानं कापसाच्या कोठीला लागून असलेली खोली दिली. भाडं नको म्हणाला, पाहुण्याकडून काऊन घ्याव? त्याची बायको बयनाबाई हिनं भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा वाढला. चार भाकरी हाणल्या. थंडी मात्र इथली भलतीच.

घराला दुःख एकच आहे. दोन मुलगे तापानं गेले. उरलेला नागोराव, ऐन बाविशीतला, अंथरुणाला खिळलाय आणि सारखा खोकतो.

९ डिसेंबर

आज डोमाजीनं नागोरावासाठी देवीला बोकड दिला. घराच्या पापानंच पोरं जातात, म्हणतो. आधी त्याचे कान, दात, खूर तपासले. खोट असलेला चालत नाही. मग पाठीवर गार पाणी ओतलं आणि सगळे बघत उभे राहिले. बोकडानं अंग झाडलं की देवीनं कबूल केला. झाडलं. मग कुऱ्हाड. रश्श्याच्या वासानं माझा जीव गेला, पण देवीपुढचं आपल्याला चालत नाही.

दुपारी डोमाजीला समजावलं. पाप माणसाचं, तर बोकडाच्या रक्तानं कसं धुतलं जाईल? निर्दोष माणसाचंच रक्त लागतं, आणि ते एकानं सगळ्यांसाठी सांडलंय. कधी, म्हणाला. दोन हजार वर्षं होत आली, म्हटलं. त्यानं मान हलवली. आज्यानं देल्लेला बोकड नातवाले पुरते काय? दर साली नवा लागते. मला हसूच आलं. तिथंच नीट उलगडून सांगायला हवं होतं, पण म्हातारा ऐकतोय याचाच मला आनंद. मग त्यानं विचारलं, तुमचं पाप? मी छाती काढून सांगितलं, पस्तावा झाला की माणूस साफ, माझं तर बाप्तिस्म्याला सगळं धुतलं गेलं, एक डागसुद्धा नाही. बयनाबाई पाया पडली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१३ डिसेंबर

लाड चाललेत नुसते. सकाळी दूध, भाकरीवर तूप. दाढी करताना जरासं कापलं तर बयनाबाई किंचाळलीच. हळद दाबली आणि वस्तराच उचलून नेला. डोमाजीनं माझं तोंड उघडून दात बघितले. बैल घेतोस का रे बाबा, म्हणालो. तो हसला नाही.

शेजारची प्रयागबाई, भारी तोंडाळ, तिनं मला बाजूला घेऊन झापलं. आमी कोंबडं कापतो, बोकड कापतो, माणसाचं नाव आजवर कोणी काढलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात तू काय भरून ठेवलं? आजच्या आज चालता हो. म्हटलं, हिला माझं तूप खुपतंय. उद्यापासून सगळं गाव वेचणीला रानातच मुक्कामाला जाणार, प्रयागबाईपण. जाऊ दे. तेवढीच शांतता.

१५ डिसेंबर

आंघोळीला बसलो होतो. मागून डोमाजीनं विहिरीच्या गार पाण्याची घागर पाठीवर ओतली. अंग थरथरलं. बयनाबाई आनंदानं ओरडली आणि रडायला लागली.

तेव्हा कळलं. पळालो. डोमाजीनं बैलगाडीच्या कडेचा जाड दांडका, उभारी, उपसून पायावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला. आता कापसाच्या कोठीत आहे. झोळी माझ्यामागं आत फेकली, तीत ही वही होती.

१६ डिसेंबर

नडगीचं हाड बाहेर आलंय. ओरडून ओरडून घसा बसला. कापूस आवाज गिळतो, आणि ऐकायला गावात आहे कोण?

दाराआडून सांगितलं, मी पापी आहे! खादाड आहे, गर्विष्ठ आहे, लबाड आहे. निर्दोष तो एकच! डोमाजी शांतपणे म्हणाला, मंग त्यानं तुमचं पाप धुतलं ते खोटं काय?

खोटं म्हणावं, तर सगळंच गेलं. खरं म्हणावं, तर —

१७ डिसेंबर

डाग पाडून घ्यायचा. ताजा. त्याशिवाय सुटका नाही. कोपऱ्यात एक जुनी उभारी सापडली. डोमाजी दूध घेऊन येईलच.

मारलं. तोंडावर. जबडा मोडला. तो पडला तरी मारलं, पुन्हा, पुन्हा — आणि मला बरं वाटत होतं, देवा, बरं वाटत होतं. कापूस लाल झाला. ओरडलो, बघा, आता आहे का डाग?

या पायानं उंबरा ओलांडवेना. बयनाबाईनं त्याला ओढून बाहेर नेलं, कडी घातली. पण मी वाचलो. असला माणूस कोण वाहील?

दार उघडलं. डोमाजीच. रांगत. फुटक्या तोंडानं हात जोडून म्हणतो, माफ केलं मास्तर. पस्तावा झाला काय? पस्तावा झाला का माणूस साफ, तुमीच सांगतलं ना.

नाही म्हणालो. नाही, नाही, नाही. पण त्याचं तोंड — ते मी केलं होतं — मला रडू फुटलं. खरंखुरं. थांबेना.

बयनाबाईनं माझ्या गालावरून बोट फिरवलं, नवऱ्याला ओलं बोट दाखवलं. दोघं किती खूश झाले.

कुऱ्हाडीला धार लावताहेत.

रडायचं नाही. द्वेष करायचा. तेवढाच वाचवेल. शिव्या आठवायच्या. म्हातारा मेला पाहिजे. म्हातारी मेली पाहिजे. असंच. मनातसुद्धा असंच. कडी वाजली की थुंकायचं —

नागोराव खोकतोय. बिचारा —

नाही. बिचारा नाही. बिचारा म्हणायचं ना—