घोडी नाचली, परण्या अडला

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. गोरखकाकांना समृद्धीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून पत्र. माझ्या लग्नात नवरदेव घोडीवरून मारुतीच्या देवळातून मंडपात येईल, तेव्हा त्या परण्याला मला ग्लाझुनोव या रशियन संगीतकाराची एक धून हवी आहे. बॅले म्हणजे त्यांच्याकडचा नाच, त्यासाठी रचलेली. पुण्यातही ती फारसं कुणी ऐकत नाही. लहानपणी मी असलं काही लावलं, की म्हशी आटतील म्हणून तुम्ही बंद करायचात. एकदा तरी शेवटपर्यंत ऐका, एवढंच मागणं. धून बँडवाल्या दादाभाऊंच्या मोबाईलवर पाठवली आहे.

लोभ वाढवावा, टोमणे आवरावेत.

आपली समृद्धी

लोणी, २० जानेवारी

चि. समृद्धीस अनेक आशीर्वाद.

दादाभाऊ म्हणतो, की धून लई ग्वाड हाय, पण नाचायचं कुठं ते घावत न्हाई. तरी क्लॅरिनेटवर बसवतोय. मी हात वर करेपर्यंत बँड थांबवायचा नाही, असं त्याला बजावलंय. नाहीतर तू म्हणशील, काकाने मुद्दाम बंद पाडला. घोडी चिमाजीची सांगितली आहे. वाजंत्री चालू असली की ती जागेवर नाचते, थांबली की पुढे चालते. म्हशींचं मात्र मी खरंच बोललो होतो.

लोभ आहेच, हळदीला आलीस की दिसेल.

तुझा काका

पुणे, १ मार्च

ती. काकांना सा. न.

सासरचे अजून हसताहेत. देऊळ मंडपापासून हाकेच्या अंतरावर, आणि घोडी देवळापुढेच नाचत राहिली! बँड थांबेना, म्हणून ती हलेना. मी हार घेऊन ताटकळले, मुहूर्त टळला, भटजी घड्याळाला शिव्या देऊ लागले. दादाभाऊंना विचारलं, तर म्हणाले, की आमी गोरखभाऊंच्या हाताकडंच बघत व्हतो, त्यो काय वर झालाच न्हाई. काका, माझा हट्ट आवडला नव्हता का? मनाला फार लागलंय, खरं सांगा.

माया कमी करू नये.

समृद्धी

लोणी, ८ मार्च

चि. समृद्धीस आशीर्वाद.

वेडी आहेस. रागावलो असतो, तर पहिल्याच फेरीत थांबवलं असतं. ती धून मध्येच हळू होऊन खाली उतरते ना, तिथं बाजेखाली रेडिओ घेऊन बसणारी तू आठवलीस. हे संपलं की पोरगी चालली, असं मनात आलं आणि हात काही उचलवेना. जावयांची माफी मागतो.

येत जा, विसरू नकोस.

तुझा काका

ता. क. धार काढताना तीच धून लावतो. म्हशी आटल्या नाहीत.